डोंगराच्या कुठल्या बाजूला पाऊस पडतो

परग्रहावर वसाहती उभारण्याच्या ‘अल्फा सेंटॉरी’ या संगणकीय खेळावरच्या लेखात त्यातले सात गट आणि त्यांच्या लढाया यांवर छान लिहिलंय, पण जमीन उंच-सखल करण्याचा भाग ‘कंटाळवाणं काम’ म्हणून एका ओळीत उरकलाय. ते पटलं नाही. १९९९ सालच्या या खेळाचा जीव तिथेच आहे.

मी देवगडचा. खेळात वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. डोंगररांग उभी केली की पश्चिम उतारावर पाऊस वाढतो आणि पलीकडची जमीन कोरडी पडते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा थेट सह्याद्रीच डोळ्यांसमोर आला. आंबोलीला कोसळणारा पाऊस, आणि घाट ओलांडून माण-खटावला गेलं की पाण्याचे टँकर! शेजाऱ्याच्या पश्चिमेला रांग उचलली तर एकही गोळी न झाडता त्याची शेती सुकवता येते. एकेका चालीआधी मी पंधरा पंधरा मिनिटं नुसता नकाशा बघत बसतो.

आणि समुद्र! ग्रहाची नासाडी फार केली की पाणी चढतं, किनाऱ्यावरच्या वसाहती बुडतात. सगळ्या गटांच्या परिषदेत मतदान घेऊन ध्रुवावरचा बर्फ मुद्दाम वितळवताही येतो. खाडीकाठचा बांध फुटून भातशेतीत खारं पाणी शिरलेलं मी लहानपणी पाहिलंय, पुढची काही वर्षं तिथे धड पीक आलं नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या वसाहतींना मी आधी पाण्यापासून वाचवणारे घुमट बांधतो, सैन्य नंतर. लेखकाने एकदा असं खेळून बघावं.