तू त्यातलाच ना?

आमच्या घरचा कॉम्प्युटर २०१० सालचा. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, दोन जीबी रॅम आणि मॉनिटरवर आईने विणलेलं क्रोशाचं झाकण. बाबा बँकेतून निवृत्त झाले तेव्हा घेतलेला. सध्या त्यावर सोसायटीचे हिशेब चालतात, कारण बाबा खजिनदार आहेत आणि गेली नऊ वर्षं दुसरं कुणी व्हायला तयार नाही. सकाळी बाबा बटण दाबतात, चहा टाकतात, तो पितात, कप विसळतात आणि मग येऊन बसतात. एक्सेल उघडायला लावून त्यांनी देवपूजा आटोपल्याचंही मी पाहिलंय. आरतीसकट.

"जरा बघ रे याच्याकडे," एका रविवारी ते म्हणाले. "तू त्यातलाच ना?"

हे वाक्य मी सतरा वर्षं ऐकतोय. मी हिंजवडीत विम्याच्या दाव्यांची माहिती एका डेटाबेसमधून दुसऱ्या डेटाबेसमध्ये ढकलतो. पण नातेवाइकांच्या लेखी मी कॉम्प्युटरवाला. मामीचा प्रिंटर, काकांचा पासवर्ड, शेजारच्या आजींच्या टीव्हीचा रिमोट, सगळं माझ्याकडे. खरी गोष्ट अशी की आजवर मी एकाही कॉम्प्युटरचं पोट उघडलेलं नव्हतं. ऑफिसात लॅपटॉप रुसला की तक्रारीचं तिकीट टाकायचं, एक मुलगा येतो आणि घेऊन जातो. पण हे बाबांना सांगणं म्हणजे आचाऱ्याने 'मला शेगडी पेटवता येत नाही' म्हणण्यासारखं.

निदान सोपं होतं, रॅम कमी. मी अभ्यासही केला. डीडीआर २ आणि डीडीआर ३ या रॅमच्या पट्ट्यांच्या दोन पिढ्या, दोन्हींना २४० पिना, पण मधली खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. आपल्याला डीडीआर ३ लागते, मदरबोर्ड जास्तीत जास्त आठ जीबी घेतो, स्लॉट दोन. म्हणजे चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या. मागवल्या. इथवर माझी छाती फुगलेलीच होती.

शनिवारी कॅबिनेट जमिनीवर आडवं केलं. अंगातली स्टॅटिक वीज चिपांना मारते, म्हणून मी अनवाणी, एक हात लोखंडी पत्र्याला लावून बसलो. तेवढ्यात आईने लाकडी पाट आणून माझ्याखाली सरकवला. "शॉक लागेल मेल्या." मला जमिनीशी नातं टिकवायचं होतं, तिला ते तोडायचं होतं. पाटावरच बसलो.

झाकण निघालं आणि आत आम्हाला पंधरा वर्षांचा संसार दिसला. पंख्यावर धुळीची गादी साचलेली, वायरींच्या खाली पालीच्या अंड्यांची दोन टरफलं, आणि सीडी ड्राइव्हच्या मागे चौकट गुलाम. भाच्याच्या बालपणीच्या एका मे महिन्यापासून आमच्या कॅटमध्ये एकावन्न पत्ते होते. चौकट गुलामाच्या जागी बाबा कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा तुकडा वापरत. आईने गुलाम पदराने पुसला, "मी तेव्हाच म्हटलं होतं," म्हणाली आणि आत निघून गेली.

जुन्या पट्ट्या काढल्या, नव्या बसवल्या, बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळी. आणि कॅबिनेटमधून एक लांब बीप. जरा थांबून पुन्हा एक लांब बीप. रिक्षा रिव्हर्स घेतल्यासारखं.

"हे काय म्हणतंय?" बाबांनी विचारलं.

"रॅम सापडत नाही म्हणतंय."

"आत्ता तर लावलीस."

यावर उत्तर नव्हतं. मी एकच पट्टी लावून पाहिली. मग ती दुसऱ्या स्लॉटात. मग दुसरी पहिल्यात. बोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढून, दहा मिनिटं थांबून परत घातला. शेजारच्यांनी बेल वाजवून घरात कुणाला बीपी-बिपीचं मशीन लावलंय का, अशी काळजीने चौकशी केली. जुन्या पट्ट्या घातल्या की बेटं गुमान चालू व्हायचं. नव्या घातल्या की सूर लागायचा.

सोमवारी अर्धी रजा टाकून पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, तपकीर गल्ली गाठली. एक दुकान म्हणजे जेमतेम टेलिफोन बूथ, त्यात विशीतला पोरगा बसलेला. त्याने माझ्या पट्टीकडे अर्धा सेकंद पाहिलं.

"बोर्ड कुठला? जी ४१?"

"हो. तुला कसं कळलं?"

"रोज येतात, काका. ही आठ चिपवाली आहे. जी ४१ला सोळा चिपवाली लागते."

'काका' मी गिळला. मग त्याने समजावलं. माझी चार जीबीची पट्टी आठ चिपांची, म्हणजे एकेक चिप अर्ध्या जीबीची. जी ४१ हा जुना चिपसेट, म्हणजे बोर्डवरचा कारभारी; त्याची समज पाव जीबीच्या चिपपर्यंतच. चार जीबीच हवेत ना, मग पाव-पावच्या सोळा घ्या, दोन्ही बाजूंना आठ-आठ. पाचशेची नोट पुढे केल्यावर कंडक्टर जसा म्हणतो, तसंच हे. पैसे तेवढेच आहेत हो, पण सुट्टे द्या. सतरा वर्षांच्या नोकरीत इतकं स्वच्छ स्पष्टीकरण मला एकाही मीटिंगमध्ये मिळालेलं नाही. वापरलेल्या दोन पट्ट्या घेतल्या, चिपा दोनदा मोजल्या.

घरी येऊन त्या लावल्या. बटण दाबलं.

बीप.

आता मात्र माझा धीर सुटला. बाबा उठले, कपाटातून त्यांचा बँकेच्या काळातला खोडरबर काढला, पट्टीच्या सोनेरी पिना शांतपणे घासल्या आणि वर फुंकर मारली. "कॅल्क्युलेटरच्या सेलला आम्ही असंच करायचो." पट्टी मी पुन्हा बसवली. या वेळी दोन्ही टोकांच्या खुंट्यांनी 'टक्' केलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मघाशी एकाच बाजूने टक् झालं होतं. हे मी बोललो नाही.

चालू झालं.

"बघ," बाबा म्हणाले.

मग त्यांनी चष्मा लावून स्क्रीनवरची ओळ वाचली. बसवलेली मेमरी आठ जीबी, वापरण्याजोगी ३.२५. बँकेतला माणूस जागा झाला. "बाकीचे पावणेपाच कुठे गेले?"

मी म्हटलं, आपली विंडोज ३२ बिटची आहे. तिला मेमरीतल्या घरांचे मोजून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते लिहिता येतात, म्हणजे चार जीबी. त्यातलेही काही ग्राफिक्स वगैरे मंडळींना राखीव.

"म्हणजे खात्यात जमा आहे, पण काढता येत नाही."

"हो."

"असली खाती आमच्याकडेही असायची," म्हणून त्यांनी विषय मिटवला. ६४ बिटची विंडोज टाकण्यात माझा पुढचा रविवार गेला, त्याचं वर्णन करण्यात तुमचा घालवत नाही. जुना प्रिंटर त्यात कायमचा अबोल झाला एवढंच सांगतो.

बाबांनी वहीत नोंद केली आहे. बटण दाबल्यापासून एक्सेल उघडेपर्यंत, आधी नऊ मिनिटं दहा सेकंद, आता चार मिनिटं. हार्ड डिस्क जुनीच आहे ना. हल्ली चहा अर्धा असतानाच कॉम्प्युटर तयार होतो, आणि कप घेऊन टेबलाशी यावं लागतं अशी त्यांची नवी तक्रार आहे. जुन्या एक-एक जीबीच्या पट्ट्या किल्ल्यांच्या डब्यात गेल्या. लागतील म्हणे.

काल ते सेक्रेटरी काकांशी फोनवर बोलत होते.

"तुमचाही जुनाच ना? पाठवतो याला रविवारी. हो हो, तो त्यातलाच आहे... नाही हो, तुम्ही काही आणू नका. खोडरबर आहे आमच्याकडे."