काचेअलीकडे उभी असलेली आई

पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या अमृततुल्याशेजारी जो कट्टा आहे, तिथे काल संध्याकाळी वाद पेटला तो 18 मेवरून. त्या दिवशी आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन असतो. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 1977 साली तो सुरू केला. आमच्या दाद्याच्या मनात आलं की गल्लीतली सगळी पोरं आणि त्यांचे आईबाप मिळून त्या दिवशी संग्रहालयं बघायला जायचं. बाहेर ढोल, पोवाडा, कळसूत्री बाहुल्या, मातीकामाची कार्यशाळा, दिवसभर धमाल.

मास्तरांनी कप खालीच ठेवला. "दाद्या, ही जत्रा झाली. अशा दिवशी काय होतं ते मी बघितलंय. पोरं अंगणात मेंदी काढतात, गालावर वाघ रंगवून घेतात, फोटो काढतात आणि एकही वस्तू न बघता घरी जातात. संग्रहालयात शांतपणे उभं राहावं लागतं."

"उभं राहायला आधी आत तर यायला पाहिजे ना, मास्तर!" दाद्या उसळला. "मी याच पेठेत वाढलो. केळकर संग्रहालयावरून रोज शाळेत गेलो. आत पाऊल कधी टाकलं? चोविसाव्या वर्षी, बाहेरगावचा पाहुणा आला तेव्हा. दारात ढोल वाजला असता, तर सातव्या वर्षीच शिरलो असतो. बर्लिनमध्ये 1997 पासून एक अख्खी रात्र संग्रहालयं उघडी ठेवतात, लोक एकातून दुसऱ्यात हिंडतात. मग आपण एक दिवस करायला काय हरकत आहे?"

शैलाताई तोवर गप्प होत्या. "ढोल असो की नसो, पोरांना ताटकळत ठेवू नका," त्या म्हणाल्या. एका संग्रहालयातल्या बालदिनाला त्या वर्ग घेऊन गेल्या होत्या. पाहुणे उशिरा आले, मग सत्कार, मग भाषणं. पोरं उन्हात सतरंजीवर बसलेली. दालनात शिरायला मिळालं तेव्हा बसची वेळ झाली होती. "चौथीतली एक पोरगी परत येताना मला विचारत होती, बाई, आपण बघितलं काय?"

तारखेवरूनही थोडं झालं. मे महिन्यात निम्मी पोरं गावाला असतात, त्यामुळे नोव्हेंबरातला वारसा सप्ताह बरा, असं मास्तरांचं म्हणणं. तारीख कुठलीही चालेल, पण रविवार हवा, असं दाद्याचं. मला ते पटतं. आठवडाभर कामावर जाणाऱ्या माणसाला मधल्या वाराचा कार्यक्रम काय कामाचा?

मुंबईचं उदाहरणही निघालं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2019 मध्ये मुलांसाठी वेगळं बालसंग्रहालय उघडलं, आणि त्यांची फिरती बस तर 2015 पासून गावोगावच्या शाळांत जाते. पोरांना वस्तूजवळ नेता येत नसेल तर वस्तू पोरांजवळ न्यायची. हा विचार मास्तरांनाही मान्य झाला.

मग मी आईची गोष्ट सांगितली, कारण माझं मत तिच्यामुळे बनलंय.

दोन वर्षांपूर्वी आईला आणि लेकीला घेऊन मी केळकर संग्रहालयात गेलो होतो. दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे, वाद्यं बघत बघत आम्ही पुढे चाललो होतो. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल बघून लेक खूश. एका काचेपाशी मात्र आई थांबली ती हलेचना. आत वज्री होती. पितळेची, वर पक्षी, खालची बाजू आडव्याउभ्या रेघांनी खरबरीत केलेली. लेक म्हणाली, "आजी, खेळणं आहे का?"

आई म्हणाली, "अगं, टाच घासायची ती." आणि तिथेच एक पाय थोडा उचलून, हात गोल फिरवत तिने दाखवलं. दिवाळीच्या पहाटे आजी तिची टाच कशी घासायची, काही वज्र्यांच्या पोटात खडे असायचे ते कसे वाजायचे आणि त्या आवाजाने धाकटा भाऊ रडायचा कसा थांबायचा, सगळं. पुढे शेवयांच्या साच्यापाशी पुन्हा तेच. आमच्यामागे आणखी दोन कुटुंबं येऊन उभी राहिली होती. त्यातल्या एका बाई म्हणाल्या, "आमच्याकडे शेवया हातावर वळायचे," आणि त्यांचीही बोटं चालायला लागली.

काचेबाहेरच्या पाटीवर नाव, धातू आणि काळ मावतो. तो फिरणारा हात मावत नाही. तो अजून आपल्या घरांत आहे, आणि किती दिवस असेल याची मला फार काळजी वाटते.

दिनकर केळकरांचा चष्म्याचा व्यवसाय होता, 'अज्ञातवासी' नावाने ते कविता लिहीत. राजा हा मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने त्यांनी हा संग्रह वाढवला. पत्नी कमलाबाईंची त्यात साथ होती. माणसं मोडीत काढत होती ती भांडीकुंडी, दौती, फण्या त्यांनी गावोगाव हिंडून जमवल्या. सुमारे 20 हजार वस्तू झाल्या, आणि 1975 मध्ये हे सगळं राज्य सरकारच्या हाती दिलं. म्हणजे हा संग्रह मुळात घराघरातूनच आलेला. त्याच्याबद्दल सांगायला सगळ्यात लायक कोण, तर ज्यांनी त्या वस्तू वापरल्या त्या आज्या.

"म्हणून माझं म्हणणं," मी म्हणालो, "दाद्याचा ढोल दारात वाजू दे. आत मात्र प्रत्येक दालनात एक खुर्ची आणि खुर्चीवर एक आजी. तिच्यासमोर दहापेक्षा जास्त पोरं नकोत."

मास्तर लगेच म्हणाले, "आठवणीला पुरावा नसतो. एक आजी सांगेल हे अमक्यासाठी, दुसरी सांगेल तमक्यासाठी. पोरांनी खरं कुठलं धरायचं?"

हा मुद्दा खरा आहे, माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. उत्तर शैलाताईंनी दिलं. "दोन्ही लिहून घ्यायचं. आजीचं गाव, घर, साधारण कुठल्या सालातली गोष्ट. माझ्या सातवीच्या मुलींना वह्या देते मी. कोकणात एक पद्धत असेल, देशावर दुसरी. संग्रहालयातल्या अभ्यासकांना त्या वह्या नेऊन देऊ, ते पारखतील."

मास्तर थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "आमच्याकडे माळ्यावर आईचा पोळपाट आहे, तीन पायांचा. चौथा पाय का नाही, ते ती सांगायची."

"का नाही?" दाद्याने विचारलं.

"जमीन सारवलेली, कुठेतरी उंचसखल असायचीच. तीन पायांचं काहीही डुगडुगत नाही."

दाद्याने मोबाइल काढला आणि यादीत आज्यांच्या नावांखाली मास्तरांचंही नाव टाकलं. उद्या तो माझ्या आईला विचारायला घरी येणार आहे.