आदिमानवाच्या हातातला भाला आणि डायनासोर

साताऱ्यातल्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांना मी हौसेने जातो, आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या टेबलावर तोच देखावा मांडलेला असतो: लाकडाच्या भुशावर उभा असलेला प्लॅस्टिकचा टायरॅनोसॉरस आणि त्याच्यावर भाला उगारलेला, पाने नेसलेला मातीचा आदिमानव. यंदा एका शाळेत त्यालाच पहिले बक्षीस मिळाले. मी नम्रपणे चूक दाखवली, तेव्हा परीक्षकांनी "अहो साहेब, मुलांचा हिरमोड कशाला करता?" म्हणून माझ्यापुढे चहा सरकवला आणि शेजारच्या एका पालकांनी "तुम्ही होतात का तेव्हा बघायला?" असे विचारून हशा मिळवला.

मी नव्हतो. कोणताच माणूस नव्हता, एवढेच तर मी सांगत होतो! पक्ष्यांचा वंश सोडला तर डायनासोर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी संपले. आपल्या जातीच्या माणसाचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष मोरोक्कोतील जेबेल इरहूदचे, म्हणजे सुमारे 3 लाख वर्षांपूर्वीचे. आणि वानरांपासून वेगळ्या झालेल्या आपल्या आद्य पूर्वजांपर्यंत मागे गेले, तरी मजल 70 लाख वर्षांच्या आसपासच थांबते. मधली जवळजवळ 6 कोटी वर्षे या मंडळींनी कोणत्या हिशेबात गिळली, हे मला कोणी समजावून सांगावे. शिकारीचा देखावाच हवा असेल, तर मॅमथ ठेवा. त्याच्याशी माणसाची गाठ खरोखर पडली होती. पण मॅमथ बाजारात मिळत नाही आणि डायनासोर खेळण्यांच्या दुकानात टांगलेला असतो, म्हणून मुलांच्या डोक्यात आयुष्यभराचा घोळ घालायचा, हे कोणते शिक्षण?

वाद घालावा तर लगेच मोबाइल पुढे येतो. अमेरिकेतील टेक्सासमधल्या पॅलक्सी नदीच्या पात्रात डायनासोरच्या पावलांशेजारी 'माणसाची पावले' आहेत, असा तो मजकूर. त्यातले बरेच ठसे डायनासोरचेच आहेत, बोटांच्या खुणा चिखलाने बुजल्यामुळे ते लांबट दिसतात, आणि काही तर 1930 च्या दशकात विकण्यासाठी कोरलेले होते. एवढे सांगेपर्यंत ऐकणारा पुढचा मजकूर पाठवून मोकळा झालेला असतो.

सर्वाधिक संताप येतो तो हे सारे साताऱ्यात घडते म्हणून. दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांतील एका मोठ्या गटाला भूशास्त्रज्ञांनी आपल्या वाईचेच नाव दिले आहे, आणि तो लाव्हा डायनासोर संपले त्याच सुमारास वाहिला. त्यांच्या विनाशात मेक्सिकोतल्या चिकशुलूबला आदळलेल्या लघुग्रहाचा वाटा किती आणि या लाव्ह्याचा किती, यावर जगभरचे संशोधक अजून भांडत आहेत. अजिंक्यताऱ्याचा काळा कातळ त्याच उलथापालथीतला. त्या कातळावर माणसाचे पाऊल पडायला पुढे कोट्यवधी वर्षे जावी लागली. यवतेश्वरच्या घाटात रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तिथे भाकरींच्या चवडीसारखे थर उघडे पडले आहेत. पुस्तकाची किंवा प्रोजेक्टरची गरजच नाही. कासची फुले दाखवायला शाळांच्या बसगाड्या दरवर्षी त्याच घाटाने वर जातात, आणि तिथे गाडी थांबवून मुलांना दगडाला हात लावू देणारा एकही शिक्षक मला अजून दिसलेला नाही.