"बसून जाते ना भाऊ!"

जुन्या मॅटाडोर व्हॅनच्या कॅम्परला, म्हणजे आत झोपायची सोय केलेल्या गाडीला, जास्त ताकदीचं इंजिन बसवायचंय म्हटलं, की नागपूरच्या प्रत्येक गॅरेजात एकच उत्तर: "बसून जाते ना भाऊ!" अरे, पण कसं? मॅटाडोरची ओढ पुढच्या चाकांवर. हे म्हणतात जीपचं टाकू; पण मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपचं इंजिन तिच्या गिअरबॉक्सला जुळणार कसं? इंजिन अन् गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाची, म्हणजे बेलहाउसिंगची, भोकं कोणी मोजली? टेप तरी काढा! एकाने तर न मोजताच चेसिसला गॅस कटर लावायला घेतला. ब्रेक जुनेच, रेडिएटर जुनाच, आणि मे महिन्यात इथला पारा 45 च्या वर! अन् आरसीवरच्या इंजिन नंबरचं काय? 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असला बदल मनाला येईल तसा करता येत नाही. त्यावर म्हणे, "कोण पाहते?" अहो, त्या गाडीत माझी पोरं झोपणार आहेत!