हौदातलं पोहणं: एका परखड प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लष्करी सायबर सरावासाठी जे नकली इंटरनेट उभारतात, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटेना, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ही लुटुपुटूची लढाई आहे, हौदात पोहून समुद्र कळत नाही, खरा शत्रू आपल्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही. १९९७ साली अमेरिकेने ‘एलिजिबल रिसीव्हर’ हा सराव थेट खऱ्या लष्करी जाळ्यांवर घेतला होता, मग आता बंद खोलीतलं इंटरनेट कशाला? आणि शेवटी विचारलंत की चांगली रेंज, म्हणजे सरावासाठी उभारलेलं असं नकली जाळं, ओळखायची कशी?

यातलं बरंचसं मला मान्य आहे, कारण मी काही वर्षं ग्रीन टीममध्ये, म्हणजे सरावाचं जाळं उभारणाऱ्या तुकडीत, काम केलंय. रेड टीम हल्ला करते, ब्लू टीम बचाव करते आणि त्या दोघांच्या पायाखालची जमीन आम्ही घालतो. ती जमीन पोकळ असली तर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

एका सरावात आम्ही दोनशे खोटे कर्मचारी तयार केले होते. म्हणजे दोनशे व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक) आणि प्रत्येकीवर एक छोटा प्रोग्राम: मेल पाठवायचा, फाइल उघडायची, एखादी साइट पाहायची. वेळेअभावी सगळ्यांना एकच स्क्रिप्ट दिली गेली. दुसऱ्या दिवशी ब्लू टीममधल्या एका मुलाच्या लक्षात आलं की जाळ्यावरची बहुतेक हालचाल दर नव्वद सेकंदांनी जशीच्या तशी परत येते. त्याने जे जे नव्वद सेकंदांनी येतं ते सगळं गाळून टाकलं. उरला तो हल्ला. वीस मिनिटांत त्याने रेड टीमला पकडलं, खोलीत टाळ्या पडल्या आणि मला मात्र पोटात गोळा आला. मुलगा हुशारच होता, पण खऱ्या कार्यालयात काहीच नव्वद सेकंदांनी येत नाही. तो जे शिकला ते फक्त आमच्या जाळ्यावर चालणारं होतं.

ही चूक फक्त आमचीच नव्हे. अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेसाठी एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीने १९९९ साली घुसखोरी ओळखणाऱ्या प्रणाली तपासायला नकली ट्रॅफिकचा, म्हणजे जाळ्यावरच्या ये-जा करणाऱ्या माहितीचा, मोठा संच बनवला. जाळ्यावर माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जाते. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा असतो आणि वाटेतल्या दर राउटरपाशी तो एकाने कमी होतो. महोनी आणि चॅन या अभ्यासकांनी २००३ साली दाखवून दिलं की त्या संचात १२६ आणि २५३ हे टीटीएल फक्त हल्ल्याच्या पॅकेटांवर होते. नेहमीच्या ट्रॅफिकवर बहुतेक १२७ आणि २५४. हल्ल्यातलं ओ की ठो न कळणारी प्रणालीसुद्धा तेवढा एक आकडा पाहून वरच्या गुणांनी पास झाली असती. तेव्हा नकली जाळं चुकीचं शिकवू शकतं, हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं.

त्याहून वाईट एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत आली नाही, ती मीच सांगतो. बंद जाळ्यात वेबसाइटची प्रमाणपत्रं देणारी संस्थाही आपणच उभी करावी लागते आणि तिच्यावर विश्वास ठेवायला प्रत्येक मशीनला आधी सांगून ठेवावं लागतं. ते राहून गेलं की दर साइटवर ब्राउझर धोक्याचा इशारा देतो आणि शिकणारा ‘तरीही पुढे जा’ दाबत राहतो. दोन दिवस, दिवसाला शंभर वेळा. ज्या इशाऱ्यापाशी थांबायचं, तो ओलांडायचीच सवय आपण त्याच्या बोटांना लावतो.

साइटच्या नावावरून तिचा आकडी (आयपी) पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस या यंत्रणेचंही तसंच. इंटरनेटवर तिच्या सर्वांत वरच्या, म्हणजे रूट सर्व्हरची ए ते एम अशी तेरा नावं आहेत. नीट बांधलेल्या रेंजमध्ये ती सगळी असतात, खाली पूर्ण उतरंड असते आणि जाळं बाहेरच्या जगापासून तोडलेलं असल्याने खरे सार्वजनिक आयपी पत्तेही बिनधास्त वापरता येतात. आळस केला की लोक एकच सर्व्हर ठेवतात आणि तो कुठल्याही नावाला ‘हो, मी आहे’ म्हणतो. आता मे २०१७ मधलं वॉनाक्राय हे खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर आठवा. ते पसरण्याआधी एका लांबलचक निरर्थक पत्त्याला हाक मारायचं आणि उत्तर आलं तर गप्प बसायचं. सगळ्यांना ओ देणाऱ्या जाळ्यात ते सोडलं तर ते हलणारच नाही आणि ब्लू टीमला वाटेल की आपला बचाव भक्कम आहे.

एवढं मान्य करूनही तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही.

एलिजिबल रिसीव्हरचं उदाहरण चांगलं आहे, पण ती परीक्षा होती. एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेची रेड टीम उघडपणे मिळणारी साधनं घेऊन लष्कराच्या जाळ्यांत शिरली आणि दारं किती उघडी आहेत ते दाखवून आली. वीजपुरवठ्यावरच्या हल्ल्याचा भाग तर त्यातही कल्पितच ठेवला होता. तिने वरिष्ठांचे डोळे उघडले हे मोठंच काम झालं, पण खालच्या फळीतल्या माणसाचा हात अशा परीक्षेने बसत नाही. हात बसायला तीच चूक पुन्हा पुन्हा करता आली पाहिजे.

आणि खऱ्या जाळ्यावर चुकायची किंमत किती असते? जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हे संगणक निकामी करणारं घातक सॉफ्टवेअर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलं. मर्स्क या जहाज कंपनीला त्यापायी सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. असला कोड सीमा पाळत नाही. सरावासाठी म्हणून तो खऱ्या जाळ्यावर सोडायला कुठलाही शहाणा कमांडर परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. त्यामुळे खऱ्या जाळ्यावरचा सराव नेहमी हात राखूनच होतो. पूर्ण ताकदीचा हल्ला सोसून बघायला बंद जाळंच लागतं.

तिथे आणखी एक गोष्ट साधते, ती मला सर्वांत मोलाची वाटते. एका तरुण महिला अधिकाऱ्याने सरावात घाबरून बाधित सर्व्हर ताबडतोब बंद केला. त्याबरोबर मेमरीतला पुरावा गेला, आणि हल्लेखोराला सुगावा लागून तो दुसऱ्या मशीनवर सरकला. आम्ही स्नॅपशॉटवरून, म्हणजे आधी जपून ठेवलेल्या प्रतीवरून, सगळं जाळं सकाळी दहाच्या स्थितीला परत नेलं. दुसऱ्या खेपेला तिने सर्व्हरला हात लावला नाही, पण फार वेळ नुसती बघत राहिली आणि डेटा बाहेर गेला. तिसऱ्या खेपेला तिने आधी मेमरीची प्रत घेतली, मग फक्त बाहेर जाणारा रस्ता तोडला आणि मान वर न करता शेजाऱ्याला वेळ लिहून घ्यायला सांगितलं. एकाच दिवसात, तोच हल्ला, तीन वेळा. समुद्र ही सोय देत नाही.

शत्रू आपल्या वेळापत्रकाने येत नाही, हेही बरोबर. म्हणून चांगल्या सरावात रेड टीमला जिवंत माणसं असतात आणि ती ब्लू टीमची चाल पाहून आपली चाल बदलतात. एस्टोनियातल्या टॅलिनमधलं नाटोशी संलग्न सायबर संरक्षण केंद्र २०१० पासून ‘लॉक्ड शील्ड्स’ हा सराव घेतं. त्यात बेरिलिया नावाच्या काल्पनिक देशाची जाळी राखायची असतात. सेवा चालू ठेवायच्या, वर अहवाल द्यायचे, पत्रकारांच्या आणि कायद्याच्या प्रश्नांना तोंड द्यायचं, आणि हे सगळं हल्ला चालू असताना. माणूस गोंधळतो तो बहुधा तिथेच, पॅकेट वाचताना कमी.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. रेंज दाखवायला नेतात तेव्हा भिंतीवरचा मोठा पडदा आणि लाल बाण दाखवतात. ते सोडा आणि खोटे कर्मचारी बघायला मागा. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने यासाठी ‘घोस्ट्स’ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर दिलंय. त्यातली पात्रं खरोखर कागदपत्रं उघडतात, टाइप करतात, ब्राउझर चालवतात. विचारा, ही माणसं जेवायला जातात का? पासवर्ड चुकवतात का? सोमवारी सकाळी आणि शुक्रवारी संध्याकाळी सारखीच वागतात का?

आणि जमलं तर एक दिवस हल्ल्याशिवाय ठेवायला सांगा, ब्लू टीमला न कळवता. आम्ही त्या नव्वद सेकंदांच्या प्रकारानंतर हे सुरू केलं. पहिल्या शांत दिवशी ब्लू टीमने अकरा ‘हल्ले’ कळवले. त्यातले नऊ आमच्याच जाळ्याचे दोष निघाले: घड्याळं जुळत नव्हती, एक प्रिंटर दर मिनिटाला नसलेल्या सर्व्हरला हाका मारत होता. ते आम्ही दुरुस्त केले. उरलेले दोन म्हणजे खोट्या कर्मचाऱ्यांनी विसरलेले पासवर्ड. ते तसेच ठेवले.