बाई १, बाई २, बाई ३

भाचीने अंबाजोगाईहून संहितेच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. पात्रांच्या यादीत तिने पाच बायकांची पाच नावं लिहिली होती. कॉलेजात नाटक बसवणाऱ्या सरांनी पाचही नावांवर लाल पेनाने रेघ ओढून शेजारी लिहिलं होतं : बाई १, बाई २, बाई ३, बाई ४, बाई ५. खाली भाचीचा निरोप : ‘मावशी, तूच सांग आता. सर ऐकायलेच नाहीत.’

एकांकिका एका मुकादमिणीची आहे. नवऱ्यामागे ऊसतोडीची टोळी तिने हातात घेतली आणि नवऱ्यापेक्षा कडक चालवली. ज्यांना ऊसतोड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या भागात निघण्याआधी मुकादमाकडून जी रक्कम आगाऊ घेतात ती ‘उचल’, आणि ती फिटली नाही की पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. उचल घेऊन जो कोयता ऐनवेळी गाडीत चढत नाही, त्याच्या दारात ही मुकादमीण रात्री पाच बाया पाठवते. भांडण या पाच जणींवरून आहे.

सरांचं म्हणणं, पाचही जणी एका छापाच्या हव्यात. काळी साडी, कपाळभर मळवट, पाऊल एकदम पडणार, मान एकदम वळणार. त्यातली एक जरी प्रेक्षकाला ओळखीची वाटली की भीती गेली. भाचीचं म्हणणं, बाई म्हणजे आकडा नव्हे. प्रत्येकीला नाव पाहिजे, घर पाहिजे, एक स्वगत पाहिजे. चाळीस मिनिटांच्या एकांकिकेत पाच स्वगतं! मग घरच्या ग्रुपवर चर्चा पेटली आणि भाचीचे वडील, म्हणजे आमचे दाजी, यांनी मला उद्देशून लिहिलं, ‘तुम्ही तिकडं राहता. तिकडं प्रत्येकाचं येगळंच असतंय. आपल्याकडं टोळी म्हणजे टोळी.’

दाजींचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सर अर्धे बरोबर आहेत, भाचीही अर्धी बरोबर आहे. पण ‘तिकडं वेगळेपण, इकडं कळप’ ही मांडणी मला बारा वर्षांत कुठेच खरी उतरलेली दिसली नाही.

मी स्वित्झर्लंडमध्ये बाझलला राहते, प्रयोगशाळेत काम करते. या गावाचं सगळ्यात मोठं पर्व म्हणजे फासनाख्त, तिथला मुखवट्यांचा उत्सव. युनेस्कोने २०१७ साली त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतलं. ख्रिस्ती लोकांचा उपवासाचा काळ ज्या बुधवारी सुरू होतो त्या ॲश वेन्सडेनंतरच्या सोमवारी पहाटे ठीक चारला जुन्या गावातले दिवे जातात आणि अंधारात ढोल आणि पिकोलो नावाच्या छोट्या बासऱ्या एकदम सुरू होतात. वाजवणाऱ्यांचे संच असतात, त्यांना क्लीक म्हणतात. त्या पहाटे एकाच क्लीकमधली माणसं आपापल्या मनाचा वेश करून येतात, त्याला शारीवारी म्हणतात. त्याच दिवशी दुपारी मोठी मिरवणूक निघते, तेव्हा तीच माणसं त्या वर्षीच्या विषयाच्या एकाच वेशात, एकाच मुखवट्यात. पहाटे प्रत्येक जण निराळा, दुपारी सगळे एक, आणि दोन्ही त्यांचंच.

माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी बाई पिकोलो वाजवते. पहिल्या वर्षी मी दुपारी रस्त्याच्या कडेला तिला शोधत उभी होते. समोरून तीसेक सारखे चेहरे आले; मोठं नाक, रंगवलेले गाल, हलत नाहीत, पापणी मिटत नाहीत. खरं सांगते, दिवसाढवळ्या अंगावर काटा आला. सरांचं म्हणणं मला तिथे पटतं. एकसारख्या चेहऱ्यांत कुणाकडे बघून विनवणी करायची तेच कळत नाही, आणि भीती तीच असते. पण सूर थांबला आणि तिसऱ्या रांगेतल्या एकीने उजवा खांदा मागे टाकून गोल फिरवला. प्रयोगशाळेत दिवसभर पिपेट, म्हणजे थेंब मोजून टाकायची नळी, चालवून आमचे खांदे धरतात. ती रोज तासाभराने तसाच फिरवते. मुखवटा तोच राहिला, मला माणूस दिसलं.

आता याच गावात लेखनाच्या एका कार्यशाळेला मी दोनदा गेले. तिथे प्रत्येक पात्रासाठी एक छापील तक्ता भरायला देतात. बालपण, भीती, आवडता पदार्थ, लपवलेलं दुःख. भाचीनेही मोबाइलवर असंच काहीतरी पाहून पाच जणींचे पाच तक्ते भरले होते. मी वाचले. एकीचा नवरा दारू पितो, एकीचं मूल गेलं, एकीला शिकायचं होतं. मेहनत होती, कळकळ होती, तरी पाचही जणी मला एकसारख्याच वाटल्या, कारण पाचही जणींना दुःखच दिलं होतं. दुःखाचाही गणवेश होतो.

आणि कळपाचं म्हणाल तर आमची आई अंगणवाडी सेविका होती. मिळालेली साडी सगळ्या सेविकांना एकच, सिंथेटिक, खांद्यावरून घसरणारी. आई तीन पिना लावायची, आणि तिसरीत अंगणवाडीच्या कपाटाची किल्ली अडकवलेली असायची. पलीकडच्या गावच्या मावशींनी त्याच साडीला आतून कप्पा शिवला होता. लुगडं नेसणाऱ्या एका मदतनीस आजींना सहावारी जमेचना, तर त्यांनी त्याच रंगाचं नऊवार धुंडून आणलं. छटा अंमळ गडद. ब्लाउजचं कापड तर एका ताग्यातलं, पण शिवणारे हात निराळे, म्हणून गळे निराळे. थकलेल्या मानधनासाठी या बाया मोर्चाने निघाल्या तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन, रस्त्याच्या कडेला उभी. शेकडो बाया एका रंगात आल्या आणि कचेरीच्या दारातला माणूस आपोआप दोन पावलं मागे सरला. एकसारखेपणात बाईची ताकद असते ती मी तिथे पाहिली. आईला मात्र मी किल्लीच्या आवाजावरून ओळखलं.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. खलनायिकेच्या हाताखालच्या बाया लिहायला घेतल्या की त्या सारख्या की निराळ्या, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, हा गणवेश दिला कुणी आणि पैसे भरले कुणी? बाझलची बाई मुखवटा स्वतः निवडते, क्लीकच्या बैठकीत हात वर करून. आईला साडी वरून आली, पण मोर्चाच्या दिवशी तिने ती स्वतःहून नेसली. मुकादमिणीच्या पाच जणींचं काय? सरांकडे उत्तर नव्हतं. काळा रंग स्टेजवर चांगला दिसतो, एवढंच. अशी सारखी माणसं सोयीची असतात. नव्वदच्या दशकात आर्केडवरच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रावरच्या, लढाईच्या एका प्रसिद्ध खेळात एकाच नटीचं चित्रण करून, कपड्याचा रंग पालटून, तीन वेगवेगळ्या योद्ध्या उभ्या केल्या होत्या. यंत्राची स्मरणशक्ती तोकडी, ती वाचवायची होती. तिथे ते समजून घेता येतं. माणसं अंगाने उभी राहणार त्या रंगमंचावर असली बचत कुणासाठी करायची?

आपल्या भाषेतसुद्धा ही जागा मोकळी आहे. पुरुषाला पित्त्या आहे, पंटर आहे, गुंड आहे, उजवा हात आहे. बाईसाठी असा नेमका शब्द माझ्या कानावर कधी आलेला नाही. ‘तिच्या हाताखालच्या बाया’ म्हणून मोकळं व्हायचं. नावच नसलं की १ ते ५ आकडे घालणं सोपं जातं.

मराठवाड्याच्या माणसाला तर याचं शिक्षण डोंगरात कोरून ठेवलेलं मिळालं आहे. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यात बुद्धाची तपश्चर्या मोडायला मोहात पाडणारा मार आपली फौज आणि मुली घेऊन आला आहे. फौजेतला प्रत्येक जण आपापल्या परीने अंगावर येतो, आणि मुलींच्या वाट्याला नाच आणि सौंदर्य. कथेत या मुलींना तण्हा, अरती, रगा अशी नावं आहेत, तरी काम सगळ्यांचं एकच, मोहात पाडणं. ही सवय फार जुनी आहे. पण तिथून वेरूळला जा, १४ व्या लेण्यात. सप्तमातृका ओळीने बसल्या आहेत. बैठक एक, मान एक, जवळ मूल. लांबून सात बहिणी. जवळ गेलं की पायाखालच्या पट्टीत हंस, बैल, मोर, गरुड, हत्ती दिसतात, आणि त्यावरून कोण ब्राह्मी, कोण माहेश्वरी, कोण कौमारी ते कळतं. शिल्पकाराने सात चेहरे सात तऱ्हांचे करायचा अट्टहास केला नाही. कशावर बसून आली, एवढं दिलं. आणि या सात जणी म्हणजे देवीच्या रणातल्या सोबतिणी. शुंभ नावाचा असुर देवीला टोमणा मारतो की तू दुसऱ्यांच्या जिवावर लढतेस, तेव्हा ती सांगते, या सगळ्या मीच. आणि त्या तिच्यात विरून जातात. सरांना जे एकरूपपण हवं आहे त्याची जागा ही. पण तिथे सोबतिणी देवीचीच शक्ती आहेत. मुकादमिणीने त्या पाच जणींना आपल्यातलं काय दिलं?

आमच्या गावची कथा सरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. योगेश्वरीचं परळीच्या वैजनाथाशी लग्न ठरलं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड दगड होऊन बसलं. वऱ्हाडातली प्रत्येक बाई दगड व्हायच्या आधी कुणीतरी होती, एवढंच मला म्हणायचं आहे.

अशोकवनातल्या राक्षसिणी आठवा. वाल्मीकी त्यांना ओळीने दाखवतात, एका डोळ्याची, एका कानाची, लांब कानांनी अंग झाकणारी. रूपं सगळी निराळी आणि काम सगळ्यांचं एकच, सीतेला धमकावणं. इतकी निराळी रूपं असूनही आपल्या आयाबायांच्या तोंडी एकच राहिली, त्रिजटा. तिने रामाच्या जयाचं स्वप्न पाहिलं आणि बाकीच्यांना मागे हटायला सांगितलं, म्हणून. युद्ध संपल्यावर हनुमान या बायांना मारायची परवानगी मागतो आणि सीता नाही म्हणते. त्या रावणाच्या ताब्यातल्या दासी होत्या, हुकमाने वागल्या, त्यांच्यावर कसला राग धरायचा? हाताखालच्या बाईविषयी याहून मोठी गोष्ट मी कुठे वाचलेली नाही.

म्हणून मी भाचीला आधी स्वगतं काढायला सांगितली. ती रडकुंडीला आली. मग तिला विचारलं, पाच जणी वसुलीला गेल्या की काम कसं वाटून घेतात? तिला तोंडपाठ होतं, कारण तिच्या आजोळच्या गावात तिने ऐकलेलं आहे. एक दार अडवते. एक वही धरते आणि आकडा वाचते. एक दावणीचं जनावर सोडते. एक आत जाऊन म्हातारीशी गोड बोलते, चहा मागते. आणि एक टेंपोपाशीच थांबते. बघा, पाच जणी झाल्या! साडी एकच ठेवा, मळवट एकच ठेवा, पाऊलही सरांना हवं तसं एकदम पडू द्या. दावं सोडणारीची बोटं गाठ ओळखतात, कारण तिच्याकडे शेळ्या होत्या. वहीवाली आकडा वाचताना बोट ओळीखाली फिरवते, कारण ती उशिरा वाचायला शिकली. हे कुणी बोलायचं नाही. शेवटच्या रांगेतल्याला दिसलं नाही तरी चालेल. दुसऱ्या रांगेतल्याला दिसेल आणि तो शेजाऱ्याला कोपर मारेल.

दुसरी गोष्ट मी सांगितली ती साडीची. मुकादमिणीने या साड्या फुकट दिलेल्या नाहीत, त्यांच्या उचलीत मांडल्या आहेत. वसुलीला आलेल्या पाचही जणी स्वतः वहीत आहेत. वहीवाली दुसऱ्याच्या घराचा आकडा वाचता वाचता पान उलटते आणि खालीच तिचं स्वतःचं खातं, ‘साडी’ असं लिहून पुढे रक्कम. ती क्षणभर थांबते, बोट तिथेच राहतं, मग पुढे वाचायला लागते. एकसारखेपणाची भीती सरांना हवी तेवढी मिळते, आणि ती आता प्रेक्षकाकडून फिरून त्या बायांपर्यंतही जाते.

सरांना हे पटेल का याची मला धास्ती होती. त्यांनी पान वाचलं आणि विचारलं, टेंपोपाशी थांबणारी काय करते? भाची म्हणाली, काहीच नाही, आत यायला तयार नाही. सर म्हणाले, मग तिचं नाव ठेव. त्यावरून दोघांत नवीन भांडण लागलं आहे. भाचीला पाचही नावं परत हवी आहेत. या भांडणात मी भाचीच्या बाजूची आहे. नावं यादीत असावीत, नाटकात कुणी उच्चारली नाहीत तरी. पाच मुली महिनाभर त्या पाच जणींच्या अंगात शिरणार, त्यांना तालमीत कुणी ‘ए तीन नंबर’ म्हणून हाक मारू नये.

दाजींनी काल विचारलं, साड्या आणायला जायलोय, काय सांगू दुकानदाराला? मी म्हटलं, पाचही एकाच गठ्ठ्यातल्या घ्या, ब्लाउजचं कापडही एकाच ताग्यातलं. शिवायला मात्र एका शिंप्याकडे टाकू नका, पोरींच्या हातात द्या. जिचं तिने शिवून आणू द्या.