सात्सुकीची छाटणी थंडीत? कृपा करून नको

अझेलिया या फुलझाडाच्या बोन्सायबद्दल एक मराठी मेसेज सध्या फिरतोय. मला तो तीन नातेवाइकांनी पाठवला. त्यातले सल्ले असे: जानेवारीत सगळीकडून सारखी छाटणी करा, फुलं दुप्पट येतील, रोज चहाचा चोथा घाला, झाड वर्षभर दिवाणखान्यात ठेवा, सुकलेली फुलं आपोआप गळू द्या. मी तोक्योत राहते. गेली सात वर्षं बाल्कनीत सात्सुकी या प्रकारची एक अझेलिया सांभाळते आहे. या मेसेजपायी कुणाचं झाड हातचं जाऊ नये, एवढ्यासाठी लिहिते.

आधी छाटणी, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथेच आहे. सात्सुकी म्हणजे जपानच्या जुन्या पंचांगातला पाचवा महिना. हे झाड मे अखेर ते जूनमध्ये फुलतं आणि फुलं सरली की लगेच नवे फुटवे काढतं. त्यांच्याच शेंड्यांवर भर उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, पुढच्या वर्षीच्या कळ्या धरतात. जानेवारीत फांदीच्या टोकाला जो फुगीर ठिपका दिसतो, ती कळीच असते. तेव्हा कात्री चालवली की वर्षाची फुलं कचऱ्यात गेली. छाटायचं ते फुलं संपल्या संपल्या, जून सरायच्या आत.

आणि ‘सारखी’ तर मुळीच नाही. बहुतेक झाडांचा जोर शेंड्याकडे असतो, अझेलियाचा तळाकडे. वर-खाली सारखंच कापलं तर खालच्या फांद्या माजतात आणि शेंडा हळूहळू वाळतो. म्हणून खाली कडक हात, वर हलका. एका जागी चार-पाच फुटवे आले तर दोनच ठेवायचे.

चोथ्याचं म्हणाल, तर आपल्याकडच्या चोथ्यात साखर आणि दूध असतं. कुंडीत मुंग्या येतात, बुरशी धरते, वरचा थर चिकट होऊन पाणी मुरत नाही. अझेलियाची मुळं केसासारखी बारीक. निचरा बिघडला की ती कुजतात. आम्लधर्मी माती हवी हे खरं, पण ती कुंडी भरतानाच हवी. इथे त्यासाठी कानुमा वापरतात. तोचिगी प्रांतातल्या कानुमा शहरावरून हे नाव पडलं. अकागी ज्वालामुखीतून पडलेले हे पिवळे, सच्छिद्र खडे. ओले असले की गडद पिवळे, सुकले की फिकट. पाणी कधी घालायचं ते रंगच सांगतो. बोअरच्या जड पाण्याने मात्र पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. असं दिसलं तर पावसाचं पाणी साठवून घाला.

दिवाणखाना फुलं असतानाचे दोन-तीन दिवस ठीक. एरवी या झाडाला उघडी हवा आणि थंडी लागते.

सुकलेली फुलं हाताने काढावीच लागतात. नुसत्या पाकळ्या ओढू नका. देठाशी हिरवी गाठ असते, तो बीजकोश; तोही चिमटीत धरून तोडा. तो राहिला की झाडाची ताकद बिया पोसण्यात जाते.

जानेवारीत छाटून बसला असाल तर घाबरू नका. अझेलिया जुन्या लाकडावरही फुटते. यंदा फुलं मिळणार नाहीत, पण नवे फुटवे येतील, त्यांना मोकळं वाढू द्या. जूनपर्यंत कात्री आत ठेवा.